रिलीव्हर आला नाही

हे मी कोणाला सांगणार नाही, असं मी अनुयाला वचन दिलं होतं. तिच्या आईला नाही, माझ्या आईलाही नाही. पण सांगणं वेगळं आणि लिहिणं वेगळं, अशी मी माझ्यापुरती पळवाट काढली आहे. शिवाय इथे बसल्यावर दर तासाला एक रीडिंग घ्यायचं असतं. ते दोन मिनिटांत होतं. उरलेली अठ्ठावन्न मिनिटं त्या काळ्या स्क्रीनकडे नुसतं बघत बसवत नाही. म्हणून सायन्सच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहिते आहे.

गोष्ट अनुयाची आहे, तेव्हा तिच्या बाजूनेच सांगते. मी त्यात फार उशिरा आले.

अनुयाचं घर चौथ्या मजल्यावर आहे, आमचं दुसऱ्या. तिच्या गॅलरीतून मोरिवलीच्या बाजूच्या कारखान्यांच्या चिमण्या दिसतात. तिचे आजोबा, ज्यांना सगळी बिल्डिंग अण्णाच म्हणते, त्यांतल्याच एका केमिकल कंपनीत चौतीस वर्षं कंट्रोल रूममध्ये होते. भिंतभर काटे, दिवे आणि बटणं, आणि समोर एक खुर्ची. रिटायर झाल्यावर पाचेक वर्षांनी त्यांना कंपवात झाला. उजवा हात आधी, मग डावा. चहा अर्धा कपच द्यायचा, हे घरात कोणी कोणाला न सांगता ठरून गेलं.

अनुयाचा दादा अनीश इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याला अंतराळयानाचे गेम खेळायचं वेड आहे, पण गोळ्या झाडण्याचे नाहीत. त्याच्याकडे एक गेम आहे, कोण्या एका माणसाने एकट्याने बनवलेला. त्यात यान सुरू करायलाच चाळीस बटणं क्रमाने दाबावी लागतात. इंधन चुकलं की चुकलं. मंगळावर जायला खरे दोनशे दहा दिवस लागतात, आणि तुम्ही कॉम्प्युटर बंद करून झोपलात तरी यान आपलं पुढे जातच राहतं.

गेल्या सप्टेंबरात एका दुपारी अण्णा त्याच्या मागे येऊन उभे राहिले आणि बराच वेळ बघून म्हणाले, "हे तर पॅनल आहे."

"बसता का, अण्णा?"

अण्णा बसले. त्यांनी चाळीस बटणांचा क्रम दोनदा वाचला आणि तिसऱ्यांदा न बघता म्हणून दाखवला. पण बोटं ऐकेनात. एका कीच्या जागी तीन दाबल्या जात. यान दोनदा जळालं. अण्णांनी उजवा हात हळूच मांडीखाली दाबून ठेवला. ते अनीशला दिसलं नाही, अनुयाला दिसलं.

त्या रात्री भावाबहिणीचं वाजलं.

"इझी मोड लाव ना त्यांना," अनुया म्हणाली.

"इझी मोड म्हणजे चित्र बघणं. त्यांना कळणार नाही असं वाटतं तुला? चौतीस वर्षं खरं पॅनल चालवलंय त्यांनी. लहान पोर समजू नको."

"मग त्यांना रोज हरू द्यायचं, म्हणजे मान दिला असं होतं का?"

दुसऱ्या दिवशी अनीश स्वतःच उल्हासनगरला गेला आणि तळहाताएवढं लाल बटण घेऊन आला. दुकानदाराने विचारलं होतं, कशाला पाहिजे, आणि याने सांगितलं, रॉकेट उडवायला. "ले जा बेटा," तो सिंधी काका म्हणाला, "लिफ्ट का बटन है, ऊपर ले जाना इसका काम ही है." अनीशने ते जोडून दिलं. चाळीस बटणांचा क्रम अण्णांनी तोंडाने म्हणायचा, अनुयाने त्याप्रमाणे दाबायचा, आणि इंजिन पेटवायचं ते मात्र अण्णांनी, या लाल बटणाने. हात कितीही हलला तरी दाबलं जाईल एवढं मोठं. वेळ पुढे ढकलायची सोयही गेममध्ये होती, पण ती अनीशने बंद ठेवली. "बाकी सगळं सोपं करू," तो म्हणाला, "वेळ सोपी करायची नाही. वेळच काढून टाकली तर प्रवास कसला?"

तिसऱ्या प्रयत्नात यान वर गेलं. त्या दिवशी अण्णांनी पूर्ण कप चहा मागितला आणि निम्मा बशीत सांडून प्यायला.

त्यानंतर अण्णांची पाळी लागली. सकाळी सात ते दुपारी तीन, फर्स्ट शिफ्ट. आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते खुर्चीत बसत. दर तासाला इंधन, हवा आणि केबिनचं तापमान ही तीन रीडिंग ते मोठ्याने म्हणत. यानाची एक डायरी गेममध्येच होती, तिच्यात ती टाइप व्हायची. शाळा सुटून अनुया दीडला घरी आली की ती टाइप करी, तोवर अण्णा कागदावर खडबडीत अक्षरात टिपून ठेवत. आणि तीन वाजता, कंपनीत व्हायचं तसंच, टेकओव्हर.

"पॅनलवरून असं उठायचं नाही," अण्णांनी तिला पहिल्याच दिवशी शिकवलं. "रिलीव्हर येतो. मी तीन रीडिंग म्हणतो. तो तीच परत म्हणतो. मग तो म्हणतो, घेतलं. तेव्हा उठायचं. घरी कोणी मेलं तरी त्याच्या आधी उठायचं नाही."

"आणि रिलीव्हर आलाच नाही तर?"

"डबल ड्यूटी. मी एकदा तीन दिवस बसलोय. पुरात."

तेव्हा रोज तीन वाजता अनुया खुर्चीच्या बाजूला उभी राहून तीन आकडे परत म्हणे आणि म्हणे, "घेतलं." अण्णा उठून आडवे व्हायला जात. ती दोन मिनिटं बसे, कॉम्प्युटर बंद करी आणि क्लासला पळे.

(एकचं रीडिंग घेतलं. सगळं नॉर्मल.)

एकोणऐंशी दिवस असे गेले. डिसेंबर आला. अण्णांचं चालणं मंदावलं. एका संध्याकाळी गॅलरीत ते अनुयाच्या आईला, सुनेत्राकाकूंना, म्हणत होते, "अजून एकशे एकतीस दिवस आहेत गं. पोचेपर्यंत मी असेन असं वाटत नाही." काकू म्हणाल्या, "काहीतरीच काय अण्णा, गेम आहे तो." पण दाराआड अनुया उभी होती, आणि तिला त्यात गेम वाटला नाही.

तो शुक्रवार होता. शुक्रवारी आमच्याकडे एमआयडीसीला सुट्टी असते. एरवी ज्या धडधडीकडे लक्षही जात नाही ती थांबते, आणि मग ती होती हे कळतं. हवेतला तो आंबूस वास जातो. दुपारी तर असं वाटतं, की कोणीतरी गावाला श्वास धरायला सांगितला आहे. काकू ऑफिसला, अनीश कॉलेजला. अनुया त्या दिवशी उशिरा घरी आली तेव्हा अण्णा खुर्चीत बसल्या बसल्या पेंगत होते. मान छातीवर, उजवा हात लाल बटणावर, थरथरत. घड्याळात अडीच.

तिला वाटलं, अण्णा डोळे उघडतील तेव्हा समोर मंगळ असू दे.

तिने हळूच माउस आपल्याकडे ओढला आणि अनीशने बंद ठेवलेली ती सोय चालू केली. एकशे एकतीस दिवस. गेमने चौकट काढून विचारलं, खुर्चीतल्या माणसाला सोडवलं आहे ना? आपण सगळ्या चौकटींना जे म्हणतो तेच ती म्हणाली. हो.

चार मिनिटं लागली.

ती मला म्हणाली, की पहिल्या मिनिटात काहीच झालं नाही. तारे नुसते सरकले. दुसऱ्या मिनिटात तिला थंड लोखंडाचा वास आला, हिवाळ्यात पहाटे गेटला नाक लावल्यासारखा. तिसऱ्या मिनिटात तिला जाणवलं, की खोलीत काहीतरी थांबलं आहे. पंखा चालू होता. फ्रिज चालू होता. मग तिने खाली पाहिलं.

अण्णांचा हात हलत नव्हता.

ती त्यांच्या नाकाशी बोट धरणार तेवढ्यात स्क्रीन तांबडा झाला. मंगळ आला होता. आणि अण्णांनी डोळे उघडले.

"पोचलो आपण," अनुया म्हणाली. "अण्णा… बघा ना."

त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं नाही. तिच्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे, मग स्वतःच्या हातांकडे. हात उलटे-सुलटे करून पाहिले, नवीन कपडे पाहावेत तसे. आणि उठले. टेकओव्हर न देता, तीन रीडिंग न म्हणता, सरळ उठून आत गेले.

पातेल्यातला चहा त्यांनी स्वतः ओतून घेतला. कप काठोकाठ भरला. एक थेंब सांडला नाही.

घरात दिवाळी झाली. काकूंनी पेढे वाटले. डॉक्टर म्हणाले, नव्या गोळ्यांना कधीकधी असा प्रतिसाद मिळतो. माझी आईसुद्धा बघून आली आणि म्हणाली, "दहा वर्षांनी लहान झालेत गं." एकटी अनुया कोणाशी बोलेना. तिसऱ्या दिवशी तिने अनीशला कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि यानाची डायरी उघडली.

त्या चार मिनिटांत तीन हजार एकशे चव्वेचाळीस नोंदी झाल्या होत्या. दर तासाला एक. रात्रीच्याही.

"गेम भरतो गं आपोआप," अनीश म्हणाला.

"वाच तरी."

त्याने वाचलं. पहिल्या दिवसाच्या नोंदी अण्णा म्हणत तशाच होत्या, इंधन, हवा, तापमान, नॉर्मल. मग तीन वाजता: रिलीव्हर आला नाही. डबल ड्यूटी. रात्री अकराला: रिलीव्हर आला नाही. सकाळी सातला: रिलीव्हर आला नाही. दुसऱ्या दिवशी: अनुयाला हाक मारली. उत्तर नाही. नवव्या दिवशी: अनुयाला हाक मारली. ती अभ्यास करत असेल. चाळिसाव्या दिवशी: हाताचा कंप वाढला. रीडिंग घेतो आहे.

अनीश खाली खाली सरकत राहिला.

सत्त्याण्णवाव्या दिवशी, रात्री अकराला, वेगळी नोंद होती. रिलीव्हर आला. तीन रीडिंग परत म्हणून दाखवली. बरोबर म्हणाला. आठ तास झोपलो.

"तू बसली होतीस का?" अनीशने विचारलं.

"चार मिनिटं होती दादा. मी कुठे बसणार?"

तिथून पुढे रोज रात्री अकराला, रिलीव्हर आला. एकदा एवढंच जास्त लिहिलं होतं: पाठमोरा बसतो. घरचं विचारतो. कोणत्या कपात चहा, अनुया कितवीत, गॅलरीतून काय दिसतं. सांगितलं. बोलायला कोणी नव्हतं.

आणि एकशे एकतिसाव्या दिवशी, यान पोचलं त्या तासाला:

रिलीव्हर आला. पॅनल घेतलं नाही. घरी निघून गेला.

आतल्या खोलीत अण्णा टीव्ही बघत होते. कसल्याशा विनोदावर ते हसले. अनुया म्हणाली, की अण्णा असे मोकळे हसलेले तिला आठवतच नाहीत.

"शेवटची नोंद ती नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "अजून खाली जा."

खाली त्यानंतरच्या तीन दिवसांच्या नोंदी होत्या. आजच्याही. अनीश बघत असतानाच घड्याळात पाच झाले, आणि थोड्या वेळाने एक नवीन ओळ उमटली. इंधन. हवा. तापमान. रिलीव्हर आला नाही.

"अकरा मिनिटं उशिरा आली," अनीश म्हणाला. "मंगळावरून सिग्नल यायला… एवढाच वेळ लागतो."

त्यानंतर दोघांनी जे ठरवलं ते असं. परतीची वाट चार महिन्यांनी उघडते, आणि पुढे सात महिने. अनीशने सगळा हिशोब मांडला. वेळ एका सेकंदानेही ढकलायची नाही. आता ते अनुयाला वेगळं सांगावं लागत नव्हतं. आणि तोपर्यंत पॅनलवर बसायचं. कारण अनुयाने करून पाहिलं होतं: खुर्चीत बसून आलेली तीन रीडिंग परत म्हटली आणि "घेतलं" म्हटलं, की वरून नोंदी येणं थांबतं. ती उठेपर्यंत एकही ओळ येत नाही. म्हणजे तेवढा वेळ अण्णा झोपतात.

पहाटे अनीश बसतो. संध्याकाळी अनुया. दुपारी कोणी नव्हतं, म्हणून अनुयाने मला सगळं सांगितलं. मला त्या चाळीस बटणांतलं काही येत नाही. पण अण्णांसाठी जे सोपं करून ठेवलं होतं तेवढं मला पुरतं. आकडे वाचायचे, म्हणायचे, लिहायचे. इंजिन पेटवायची वेळ आली तर लाल बटण. शाळेला आता प्रिलिमची सुट्टी आहे, आमच्या घरी मी सांगते, की वर अभ्यास करतो. रात्री मात्र खुर्ची रिकामी असते. सकाळी डायरी उघडली की ओळीने वाचायला मिळतं, रिलीव्हर आला नाही, रिलीव्हर आला नाही, आणि मधेच एखाद्या रात्री, अनुयाला सांगा, घाई नाही.

(दोनचं रीडिंग घेतलं. नॉर्मल. आजही शुक्रवार आहे.)

घरातले अण्णा वाईट वागत नाहीत, हे लिहायला हवं. मला ते "ये बेटा" म्हणतात. अण्णा मला कधी बेटा म्हणत नसत, "काय सुरुचीबाई" म्हणत. ते सगळं खातात. झोपतात गाढ. फक्त शक्यतो आमच्याकडे पाठ करून बसतात. आणि गेल्या आठवड्यात ते काकूंना म्हणाले, "सुनेत्रा, पोरांची दहावी आहे. तो कॉम्प्युटर काढून टाक घरातून." काकूंना ते पटलं. त्यांच्या ऑफिसातले कोणी बबन म्हणून आहेत, वांगणीला राहतात, त्यांच्या मुलाला हवा आहे. परवा रविवारी ते न्यायला येणार. अनीश आज कॉलेजातून येताना मित्राचा जुना लॅपटॉप आणणार आहे. त्यात यान जसंच्या तसं उतरवून घेता येईल असं तो म्हणतो. त्याला साडेचार वाजतील. अनुया तीनला क्लासमधून येईल, सुट्टीत क्लास दुपारीच असतो. तोवर मी एकटी आहे, आणि माझं काम एवढंच आहे, की कोणाला खुर्ची द्यायची नाही.

कारण मंगळवारी त्यांनी अनुयाकडे मागितली होती. मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "ऊठ, पॅनल मी घेतो." आणि तिन्ही रीडिंग बरोबर म्हणून दाखवली, स्क्रीन न बघता. ती उठली नाही. ते रागावले नाहीत. म्हणाले, "नियम आहे ना तुमचा? रिलीव्हर आला की उठायचं."

रात्रभर आम्ही त्याच्यावर विचार केला. अनुया म्हणते, खरे अण्णा नियम मोडणार नाहीत आणि आम्हालाही मोडू देणार नाहीत. एकदा याने "घेतलं" म्हटलं, की वर अण्णांना वाटेल, सुटका झाली. ते पॅनल सोडतील. मग हा ते बंद करून टाकेल. आणि परतीच्या वाटेला अजून कितीतरी दिवस असताना त्या यानात…

आतला टीव्ही बंद झाला आहे.

अडीच वाजलेत. बाहेर काही आवाज नाही. मला थंड लोखंडाचा वास येतो आहे, किंवा अनुयाने सांगितलं म्हणून तसं वाटत असेल.

ते दारात आहेत. मी मान वळवली नाही, पण स्क्रीनच्या काळ्या भागात दिसतात. पाठमोरे. दारात कोणी पाठमोरं कशाला उभं राहील? ते तीन आकडे म्हणाले. आत्ताचे, बरोबर. मी ऐकलं नाही असं दाखवून लिहिते आहे.

जिन्यात आईचा आवाज येतो आहे. "सुरुची, खाली ये गं, लगेच." आवाज आईचाच आहे. अगदी आईचा. ती पुन्हा हाक मारते आहे, आणि तिचा आवाज जिन्यातून येतो आहे की या खोलीतून, ते मला नीट

"जा बेटा," ते म्हणाले, "आई बोलावते आहे. मी आहे ना." त्यांचा हात खुर्चीच्या पाठीवर आला आहे. तो अजिबात हलत नाही. आई आता खूप घाबरल्यासारखी हाक मारते आहे, मला जावं लागेल, पण मी उठले आणि यांनी तेवढ्यात म्हटलं की